श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे यांचा परागंदा काळ

१. विषयप्रवेश

कोल्हापुरांतील मंगळवार पेठेंतून निघून आग्नेयेची वाट धरली म्हणजे वीस किलोमीटरांच्या सुमारास कागल लागतें. बाजाराच्या, उरुसाच्या आणि सोयरिकीच्या निमित्तानें आम्ही पेठेंतील रहिवासी पिढ्यान् पिढ्या त्या गांवीं जात आलों आहों. परंतु ज्या घाटगे घराण्यामुळें कागलचें नांव इतिहासांत आलें, त्या घराण्याच्या एका कन्येनें ग्वाल्हेरच्या दौलतीचा कारभार सहा वर्षें मुखत्यारीनें चालविला, आणि पुढें तिलाच आपलें राजगृह सोडून दीर्घकाळ परमुलखांत काढावा लागला, ही गोष्ट आपल्या भागांत जितकी ठाऊक असावयास पाहिजे तितकी ठाऊक नाहीं.

मराठी वाचकांस श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे यांचें नांव बहुधा दोन प्रसंगांनीं परिचित असतें. एक, सर्जेराव घाटगे यांची कन्या आणि दौलतराव शिंदे यांची पत्नी म्हणून. दुसरा, वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथांत, मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करण्याचा संकल्प सोडणारी दानशूर वृद्ध राणी म्हणून. ह्या दोन प्रसंगांमध्यें जो परागंदा काळ गेला, तो ग्वाल्हेरच्या इतिहासांत केवळ शेपटासारखा जोडलेला असतो. राज्य गेलें, बाई गेल्या, इतकें सांगून इतिहासकार जनकोजीरावांच्या कारकीर्दीकडे वळतात.

आमच्या मतें हा काळ शेपटासारखा नाहीं. राजाची पत्नी किंवा विधवा म्हणून मिळालेला मान राजवाड्याबाहेर पडल्यावर टिकतो काय, आणि टिकत असल्यास कशाच्या बळावर टिकतो, ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर बायजाबाईसाहेबांच्या परागंदा काळाइतका बोलका दाखला मराठ्यांच्या इतिहासांत क्वचित् सांपडेल. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

२. कागलपासून लष्करापर्यंत

बायजाबाईसाहेबांचा जन्म इ. स. १७८४ चा. त्यांचे वडील सखाराम घाटगे हे कागलच्या देशमुखी घराण्यांतील. सर्जेराव ह्या किताबानेंच ते इतिहासांत ओळखले जातात. महादजी शिंदे इ. स. १७९४ त वारल्यावर कोवळ्या वयाचे दौलतराव त्यांच्या जागीं आले, आणि इ. स. १७९८ त पुण्यांत त्यांचा विवाह बायजाबाईंशीं झाला. वधूचें वय चौदा वर्षांचें होतें. ह्या सोयरिकीमुळें सर्जेरावांच्या हातीं शिंद्यांची दिवाणगिरी आली. फौजेचा तुंबलेला पगार भागविण्यासाठीं त्यांनीं पुण्यांतील सावकार व प्रतिष्ठित गृहस्थ यांजकडून जो पैसा उकळला, त्याची आठवण पुणेकरांस पुष्कळ काळ राहिली. बापाच्या ह्या अपकीर्तीची सावली मुलीवर पडली, आणि तिच्याविषयींच्या पुढील मतांतून ती पुरती गेली नाहीं.

ह्याच वर्षाची आणखी एक गोष्ट आमच्या विषयास लागून आहे. महादजींच्या मागें राहिलेल्या तीन स्त्रिया दौलतरावांच्या कारभारावर नाराज होत्या. त्यांचा सर्जेरावांकडून छळ झाला, त्यांस कैदेंत घालण्याचा बेत झाला, आणि त्या छावणींतून निसटून त्यांचा पक्ष घेणाऱ्या सरदारांच्या आश्रयास गेल्या. ‘शिंद्यांच्या बायांचें बंड’ म्हणून जें प्रकरण प्रसिद्ध आहे तें हेंच. नव्या सुनेचें पाऊल घरांत पडलें त्याच सुमारास जुन्या राण्या घराबाहेर पडल्या. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. पस्तीस वर्षांनीं त्याच घराण्यांत तोच प्रसंग बायजाबाईसाहेबांवर आला, हें पुढें दिसून येईल.

त्या काळीं शिंद्यांचें राजगृह म्हणजे भिंतींचा वाडा नव्हे, तर चालती छावणी होती. बायजाबाईसाहेबांचें तारुण्य डेऱ्यांत व घोड्याच्या पाठीवर गेलें. इ. स. १८०३ च्या युद्धांत असईचा पराभव झाला, सुर्जी-अंजनगांवचा तह झाला, इ. स. १८०९ त सर्जेराव मारले गेले, इ. स. १८१० च्या सुमारास छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं स्थिरावली आणि तिचेंच पुढें ‘लष्कर’ हें शहर झालें. ह्या सर्व घडामोडी त्यांनीं आंतून पाहिल्या.

दरबारांतील त्यांचें वजन केवढें होतें, ह्याची साक्ष इंग्रजांच्याच कागदांत आहे. नोव्हेंबर १८०५ मध्यें शिंदे व कंपनी यांच्यांत जो तह झाला, त्यांत दौलतरावांच्या जातीस सालिना चार लक्षांची नेमणूक तर ठरलीच. शिवाय त्यांची पत्नी बायजाबाई यांस दोन लक्षांची व कन्या चिमणाबाई यांस एक लक्षाची जहागीर देण्याचें कंपनीनें कबूल केलें. राजाच्या पत्नीचें नांव व तिची रक्कम दोन राज्यांमधील तहनाम्यांत यावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. बाईसाहेबांस अनुकूल ठेवणें आपल्या हिताचें आहे हें कंपनीस तेव्हांच कळलें होतें.

३. मुखत्यारी आणि तिचा शेवट

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजीं वारले. त्यांस पुत्र नव्हता. बाईसाहेबांनीं शिंद्यांच्या कुळांतील मुकुटराव नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा जून १८२७ मध्यें दत्तक घेतला, व त्याचें नांव जनकोजीराव ठेविलें. मुलगा अल्पवयी, म्हणून कारभार बाईसाहेबांच्या हातीं राहिला.

येथें दत्तविधानाचा व राज्यपालकत्वाचा एक नाजूक मुद्दा समजून घेतला पाहिजे. दत्तक घेण्याचा अधिकार विधवेचा. तिच्या संकल्पावांचून मुलास गादीवर हक्क नाहीं. परंतु दत्तविधान एकदां झालें म्हणजे गादी मुलाची होते, आणि तिच्याकडे राहतें तें केवळ पालकत्व. हें पालकत्व मुलगा वयांत येईपर्यंत, कीं राणी हयात असेपर्यंत? दौलतरावांनीं आपल्या पश्चात् बाईसाहेबांनीं राज्य करावें अशी इच्छा दर्शविली होती, असें त्यांच्या पक्षाचें म्हणणें; दत्तक पुत्र शहाणा झाला म्हणजे त्याचें त्यास द्यावें, असें दुसऱ्या पक्षाचें. दोन्हीं बाजूंस शास्त्राचा व रूढीचा कांहींना कांहीं आधार होता. म्हणून निकाल शास्त्रानें लागण्याऐवजीं फौजेनें व कंपनीच्या मर्जीनें लागावयाचा, हें उघड होतें.

डिसेंबर १८३२ मध्यें गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक ग्वाल्हेरीस आले. दोन्हीं पक्षांनीं त्यांच्यापुढें गाऱ्हाणें मांडलें. बेंटिंकसाहेबांनीं जनकोजीरावांस धीर धरण्याचा उपदेश केला, पण बाईसाहेबांची मुखत्यारी तहहयात आहे असें स्पष्ट बोलून दाखविलें नाहीं. मोठ्यांच्या मौनाचा अर्थ धाकटे आपल्या सोयीनें लावतात. जुलै १८३३ त लष्करांतील पलटणी तरुण महाराजांच्या बाजूस वळल्या व बाईसाहेबांस वाडा सोडावा लागला. कंपनीनें जनकोजीरावांची सत्ता मान्य केली, आणि बाईसाहेब आपल्या मंडळींसह धोलपूरच्या वाटेनें आग्र्याकडे गेल्या. त्या वेळीं त्यांचें वय एकूणपन्नास वर्षांचें होतें.

ज्या मुलास आपण गादीवर बसविलें त्याच्याच नांवानें आपल्याला घराबाहेर काढण्यांत यावें, हा राणीवासाच्या इतिहासांतील फिरून फिरून येणारा प्रसंग आहे. शत्रूनें राज्य घेतल्यामुळें जी राणी परागंदा होते तिच्या दुःखास निदान स्वकीयांची सहानुभूति असते. स्वतःच्या घरानेंच बाहेर काढलेल्या राणीस ती देखील मिळत नाहीं. तिचा कैवार घेणें म्हणजे नव्या धन्याशीं वैर करणें होय.

४. फत्तेगडची छावणी

आग्र्याहून बाईसाहेब गंगाकांठच्या फत्तेगडास आल्या. त्यांच्या तेथील दिनचर्येचें प्रत्यक्ष पाहिलेलें वर्णन एका इंग्रज स्त्रीनें लिहून ठेविलें आहे. फॅनी पार्क्स ही अलाहाबादेंतील कंपनीच्या एका अंमलदाराची पत्नी. तिचा प्रवासवृत्तांत इ. स. १८५० त लंडनमध्यें दोन भागांत छापला गेला. तिला हिंदुस्थानी बोलतां येत असे, आणि स्त्री असल्यामुळें जनान्यांत प्रवेश होता. इ. स. १८३५ त ती फत्तेगडास बाईसाहेबांच्या भेटीस गेली.

तिच्या वर्णनांतील बाईसाहेब पिकलेल्या केंसांच्या, कांहींशा स्थूल, परंतु हंसतमुख व बोलण्यांत गोड आहेत. अंगावर साधें तांबडें रेशमी वस्त्र, हातांत सोन्याच्या साध्या बांगड्या. वैधव्यामुळें दुसरा अलंकार नाहीं. शेजारीं नात गजराजा बसली आहे, भोंवतीं दासी उभ्या आहेत, आणि गादीवर बाईसाहेबांच्या पायांशीं शिंद्यांची तरवार ठेविलेली आहे.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितो. राज्य हातचें गेलेलें, फौज गेलेली, मुलूख परका. तरी गादी मांडलेली आहे आणि तिच्यावर तरवार आहे. पाहुणीच्या डोळ्यांस तें दृश्य शोभेचें वाटलें असेल. आम्हांस तो एक दावा वाटतो. आपण ग्वाल्हेरच्या महाराणी आहों, प्रवासाला निघालों आहों, हाकलून दिलेल्या नाहीं, असें ती तरवार येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत होती. दरबाराचे रिवाज, मुजरे, पानसुपारी, मानकऱ्यांच्या जागा हीं सर्व छावणींत पाळलीं जाणें म्हणजे वृथा डौल नव्हता. जो मान कागदावरून पुसला गेला होता तो रोजच्या आचारानें पुन्हा पुन्हा लिहिला जात होता.

घोड्यावर बसण्यावरून झालेला एक विनोदी प्रसंगही त्या वृत्तांतांत आहे. इंग्रज स्त्रिया दोन्हीं पाय एकाच बाजूस टाकून बसतात हें ऐकून छावणींतील मराठमोळ्या मंडळीस हंसूं आवरेना. बाईसाहेब तरुणपणीं उत्तम स्वार होत्या, भाला हातीं घेऊन फौजेबरोबर चालत, अशी ख्याति पार्क्सबाईच्या कानीं आली होती. अखेर त्या इंग्रज स्त्रीनें मराठी पद्धतीनें बैठक मारून पाहिली आणि तीच पसंत केली.

एका भेटींत बोलणें स्त्रियांच्या स्थितीवर गेलें. हिंदु विधवेच्या वांट्यास येणारे निर्बंध आणि इंग्लंडांत कायद्यानें नवऱ्याच्या सर्वस्वी स्वाधीन असलेली विवाहित स्त्री, ह्या दोहोंची तुलना ह्या दोघीजणींनीं केली. एक राज्यभ्रष्ट, दुसरी राज्यकर्त्यांच्या जातीची. पण ह्या विषयांत दोघींस बोलण्यासारखें सारखेंच होतें.

५. वाद राहण्याच्या जागेचा

कंपनी सरकार आणि बाईसाहेब यांच्यांत पुढें जो दीर्घ वाद चालला तो वरवर पाहतां नेमणुकीचा दिसतो. वस्तुतः तो राहण्याच्या जागेचा होता. फत्तेगड ग्वाल्हेरीपासून फार दूर नाहीं. बाईसाहेबांचे अनुयायी ग्वाल्हेरींत होते, त्यांच्याजवळ पैसा होता, आणि जनकोजीरावांचा कारभार दुबळा होता. त्या सीमेजवळ राहिल्या तर केव्हां परत फिरतील याचा नेम नाहीं, हा कंपनीचा हिशेब. म्हणून त्यांनीं दूर जावें, बनारसेस किंवा दक्षिणेंत राहावें, असा आग्रह सुरू झाला. बाईसाहेब आज प्रकृतीचें, उद्यां पावसाळ्याचें, परवां तीर्थस्नानाचें कारण पुढें करून मुक्काम लांबवीत. फत्तेगडाहून त्या अलाहाबादेस आल्या तेव्हांही यमुनेच्या कांठीं छावणी मोठी होती, आणि सरकारी अंमलदार पुढील प्रवासाचा तगादा लावीतच होते.

ह्या वादाचा अर्थ नीट लागण्यासाठीं त्या वेळच्या उत्तर हिंदुस्थानचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. दुसरे बाजीराव इ. स. १८१८ नंतर कानपुराजवळ ब्रह्मावर्तास सालिना आठ लक्षांच्या पेन्शनीवर राहत होते. त्यांचे बंधु चिमाजीअप्पा बनारसेस होते. नागपूरचे अप्पासाहेब भोसले परागंदा होऊन अखेर जोधपुरांत राहिले व तेथेंच इ. स. १८४० त वारले. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांस इ. स. १८३९ त गादीवरून काढून बनारसेस पाठविण्यांत आलें व इ. स. १८४७ त तेथेंच त्यांचा अंत झाला. म्हणजे मराठ्यांच्या मोडलेल्या गाद्यांचा एक मोठा भाग गंगेच्या कांठीं विखुरला होता. कंपनीची रीत अशी कीं, राज्यभ्रष्ट पुरुषास त्याच्या माणसांपासून तोडून तीर्थक्षेत्रीं ठेवावें; तेथें त्याच्या धर्माचरणास मोकळीक, पण राजकारणास अटकाव. पेन्शन हा तिजोरीचा खर्च कमी, आणि पायांतील बेडी अधिक होती.

बाईसाहेबांनीं ही बेडी ओळखली होती. नेमणूक घेऊन सरकार सांगेल तेथें राहणें म्हणजे आपण पेन्शनदार आहों हें मान्य करणें. नेमणुकीवांचून स्वतःच्या पैशावर स्वतःच्या इच्छेच्या ठिकाणीं राहणें म्हणजे आपला हक्क जिवंत ठेवणें. म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें कालहरण केलें. इंग्रज लेखकांनीं ह्यास हट्ट म्हटलें. ज्याच्या हातीं फौज नाहीं, कोर्ट नाहीं आणि वृत्तपत्र नाहीं, त्याच्याजवळ उशीर करणें हेंच एक हत्यार उरतें, हें त्यांनीं लक्षांत घेतलें नाहीं.

शेवटीं त्या दक्षिणेंत आल्या आणि नाशिकास गोदावरीच्या कांठीं कांहीं वर्षें राहिल्या. कागलच्या लेकीचे पाय पुन्हा महाराष्ट्राच्या भूमीस लागले. मात्र ते स्वेच्छेनें नव्हेत, आणि माहेर तेथूनही दूरच होतें.

६. पैसा आणि धर्म

इतका लवाजमा घेऊन इतकीं वर्षें राज्याबाहेर काढणें शक्य झालें तें बाईसाहेबांच्या व्यवहारचातुर्यामुळें. उज्जैन व बनारस येथील पेढ्यांशीं त्यांचा सावकारी व्यवहार होता. राणीवासाचें धन म्हणजे पेटींतील दागिने, अशी आपली समजूत असते. बाईसाहेबांचें धन हुंड्यांच्या रूपानें फिरणारें होतें. म्हणून वाडा एका रात्रींत हातचा गेला तरी तें सर्व गेलें नाहीं. बापानें पैसा जबरदस्तीनें मिळविला, मुलीनें तो राखून वाढविला. ह्यासाठीं त्यांस लोभी म्हणणाऱ्यांनीं, तो पैसा नसता तर त्यांच्या पदरच्या माणसांचें काय झालें असतें, हेंही सांगावें.

धर्मकार्यांचेंही तसेंच. काशीस ज्ञानवापीच्या विहिरीवरील खांबांचा मंडप बाईसाहेबांनीं इ. स. १८२८ त, म्हणजे मुखत्यारीच्या पहिल्या काळांत बांधविला. मणिकर्णिकेच्या शेजारचा शिंदे घाट इ. स. १८३० चा, त्याचें दगडी बांधकाम इतकें अवजड झालें कीं तें स्वतःच्या भारानें खचलें, व घाट पुढें पुन्हा बांधावा लागला. उज्जैनींतील गोपाळमंदिर हेंही त्यांचेंच. ह्या कामांत भक्ति होती यांत संशय नाहीं. पण भक्तीबरोबर दुसरेंही कांहीं होतें. जी राणी स्वतःच्या राज्यांत उभी राहूं शकत नाहीं, तिचें नांव सर्व हिंदुस्थानच्या यात्रेकरूंच्या तोंडीं राहतें. राज्याच्या सीमा कंपनी आंखूं शकत होती; तीर्थांवरील कीर्तीच्या सीमा आंखणें तिच्या हातीं नव्हतें.

ह्याच ओघांत बंधूचाही उल्लेख केला पाहिजे. बाईसाहेबांचे भाऊ हिंदुराव घाटगे हे ग्वाल्हेर सुटल्यावर दिल्लीस जाऊन राहिले. इ. स. १८३५ त विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यावर टेंकडीवरील त्याची हवेली हिंदुरावांनीं घेतली. इ. स. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यांत ह्याच ‘हिंदुरावाच्या वाड्या’भोंवतीं घनघोर लढाया झाल्या, आणि आज त्या जागीं जें मोठें रुग्णालय आहे तेंही हिंदुरावांच्या नांवानेंच चालतें. तेथें औषधास जाणाऱ्या दिल्लीकरांपैकीं फार थोड्यांस हें नांव कोल्हापुराजवळच्या कागलचें आहे, याची कल्पना असेल.

७. स्पेनमधील एक समांतर उदाहरण

हा प्रसंग केवळ आपल्याकडचा नव्हे, हें दाखविण्यासाठीं थोडें परदेशाकडे पाहूं. ज्या वर्षीं बायजाबाईसाहेब ग्वाल्हेरीहून निघाल्या त्याच वर्षीं, २९ सप्टेंबर १८३३ रोजीं, स्पेनचा राजा सातवा फर्डिनंड मरण पावला. त्याची कन्या इसाबेल अवघी तीन वर्षांची. म्हणून विधवा राणी मारिया क्रिस्तिना हिच्या हातीं राज्यपालकत्व आलें. एकीकडे एका विधवेची मुखत्यारी संपली, दुसरीकडे दुसरीची सुरू झाली. सात वर्षें यादवीशीं झगडून इ. स. १८४० च्या ऑक्टोबरांत सेनापति एस्पार्तेरो याच्या पक्षापुढें तिला तें पद सोडावें लागलें आणि ती फ्रान्सला गेली. इ. स. १८४४ त परतली, इ. स. १८५४ च्या क्रांतींत पुन्हां हद्दपार झाली, इ. स. १८७८ त फ्रान्सच्या समुद्रकिनारीं वारली. तिच्यावरही द्रव्यलोभाचा आरोप होता. तिच्या कन्येस इ. स. १८६८ त पॅरिसला जावें लागलें, आणि त्याच घराण्यांतील राणी व्हिक्टोरिया युजेनी इ. स. १९३१ त देश सोडून गेली ती इ. स. १९६८ त एकदांच, पणतवाच्या नामकरणासाठीं, थोडे दिवस स्पेनमध्यें आली व पुढील वर्षीं स्वित्झर्लंडांत वारली.

साम्य उघड आहे. भेद त्याहून बोधप्रद आहे. युरोपांतील राणी परागंदा झाली तरी शेजारचें राजकुल तिचें आप्त असे. ती सीमा ओलांडली कीं दुसऱ्या राज्याची पाहुणी होत असे. बायजाबाईसाहेबांस तशी सीमाच उरली नव्हती. आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद, बनारस, नाशिक, जेथें जावें तेथें कंपनीचाच अंमल. ज्यानें आसरा द्यावयाचा तोच पहारेकरी, आणि ज्याच्यापुढें दाद मागावयाची तोच प्रतिपक्षाचा पाठीराखा, अशी त्यांची स्थिति होती.

८. परत ग्वाल्हेरीस, सत्तावन्नचा प्रसंग

जनकोजीराव ७ फेब्रुवारी १८४३ रोजीं निपुत्रिक वारले. त्यांच्या बालवयी विधवा ताराबाई यांनीं जयाजीराव यांस दत्तक घेतलें. लागलीच कारभारावरून तंटे माजले, कंपनीची फौज आली, २९ डिसेंबर १८४३ रोजीं महाराजपूर व पनियार येथें लढाया झाल्या, आणि कारभार एका मंडळाकडे सोंपवून ताराबाईंस बाजूस करण्यांत आलें. महादजींच्या स्त्रिया, दौलतरावांची विधवा, जनकोजीरावांची विधवा. एकाच घराण्यांत अर्ध्या शतकाच्या आंत तीन वेळां राणीवास सत्तेच्या वाटेंतून दूर सारला गेला. म्हणून ह्या प्रकरणाचा दोष एकट्या बाईसाहेबांच्या स्वभावावर टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

जयाजीरावांच्या काळांत मागील वैर निवळलें. बाईसाहेब उज्जैनींत राहिल्या, व पुढें ग्वाल्हेरीस परत आल्या. इ. स. १८५७ च्या आरंभीं त्या तेथें होत्या. मथुरेच्या यज्ञाची वार्ता कोंकणांत पोंचून गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले ते ह्याच वेळीं. यज्ञ झाला नाहीं. वाटेंत त्यांस दिसला तो दुसराच अग्नि.

१ जून १८५८ रोजीं रावसाहेब पेशवे, तात्या टोपे व झांशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनीं ग्वाल्हेर घेतलें. जयाजीराव आग्र्यास गेले. राणीवासासह बायजाबाईसाहेब नरवरास गेल्या. बंडवाल्यांकडून त्यांस परत येण्याची विनंति झाली. कंपनीनें ज्यांस इतकीं वर्षें फिरविलें त्या बाई आपल्या बाजूस येतील, अशी त्यांस आशा वाटणें स्वाभाविक होतें. बाईसाहेबांनीं तें मानलें नाहीं. उलट आलेलें पत्र इंग्रज अधिकारी सर रॉबर्ट हॅमिल्टन यांजकडे पाठविलें.

ह्या एका कृत्यामुळें पुष्कळ वाचकांचें मन त्यांच्याविषयीं कडू होतें. लक्ष्मीबाई १७ जून रोजीं त्याच ग्वाल्हेरीजवळ रणांत पडल्या, हें आठवलें म्हणजे तो कडवटपणा अधिकच वाढतो. आम्ही त्या कृत्याचें मंडन करीत नाहीं. परंतु त्याचा उलगडा परागंदा काळांत आहे, असें आम्हांस वाटतें. लक्ष्मीबाईंची झांशी गेलेलीच होती; त्यांस गमवावयास उरलें नव्हतें. बायजाबाईसाहेबांस दोन तपांच्या वणवणीनंतर घर परत मिळालें होतें. फौजेनें एका रात्रींत धनी बदलणें म्हणजे काय, हें त्यांनीं १८३३ त सोसलें होतें. १८५८ त ज्या फौजेनें जयाजीरावांस सोडलें तिच्या बळावर पुन्हां गादी मांडण्यास पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील ती स्त्री धजली नाहीं. ह्यास भय म्हणा, अनुभव म्हणा. पण कंपनीवरील प्रेम म्हणूं नका. कंपनीवर प्रेम करण्यासारखें कारण तिनें त्यांस कधींच दिलें नव्हतें.

९. उपसंहार

बायजाबाईसाहेब इ. स. १८६३ त वारल्या. एकवीस वर्षांनीं, मार्च १८८४ मध्यें, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व शाहू छत्रपति ह्या नांवानें अजरामर झाले. त्यांचें स्मरण आमच्या पेठेंत पदोपदीं आहे, आणि तें योग्यच आहे. त्याच घराण्याच्या कन्येची आठवण मात्र काशीच्या घाटावर, उज्जैनच्या देवळांत आणि एका इंग्रज प्रवासिनीच्या पुस्तकांत शोधावी लागते.

राजाच्या पत्नीचा मान राजाकडून येतो आणि राजाबरोबर जातो, असें धर्मशास्त्र व राजकारण दोन्हीं मानीत होतीं. बाईसाहेबांनीं तें मानलें नाहीं. राज्य परत मिळविण्यांत त्यांस यश आलें नाहीं. पण मान टिकविण्यांत आलें. त्यांची गणना केवळ पराभूतांत करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे. कागल, नाशिक आणि उज्जैन येथील ज्या घराण्यांचे पूर्वज त्यांच्या छावणींत कारकून, उपाध्ये किंवा मानकरी म्हणून होते, त्यांनीं आपल्या माळ्यावरील मोडी रुमाल वाळवीच्या आधीं अभ्यासकांच्या हातीं द्यावे. फत्तेगडच्या गादीवरील ती तरवार एका परकीय स्त्रीनें पाहिली म्हणून आपल्याला कळली. आपल्याच माणसांनीं काय पाहिलें तें आपल्याच अक्षरांत वाचावयास मिळालें पाहिजे.

कोल्हापूर, मंगळवार पेठ